बेल अँड सेबॅस्टियन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लासगोच्या या बँडचं एखादं गाणं चित्रपटात किंवा मित्राच्या प्लेलिस्टमध्ये कानावर पडतं, माणूस पुढचं शोधू लागतो आणि मग गोंधळतो. अल्बम कुठले, ईपी (म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड) कुठल्या, आधी काय ऐकायचं, मधेच आवाज का बदलला? असे हमखास येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हा बँड नेमका कोणाचा?

१९९६ च्या सुरुवातीला स्टुअर्ट मर्डॉक आणि स्टुअर्ट डेव्हिड या दोघांनी तो ग्लासगोत उभा केला. बहुतेक गाणी मर्डॉकची, आवाजही त्याचाच. डेव्हिड बास वाजवायचा. त्यांच्याभोवती स्टीव्ही जॅक्सन (गिटार), क्रिस गेडिस (कीबोर्ड), रिचर्ड कोलबर्न (ड्रम) आणि इसोबेल कॅम्पबेल (चेलो आणि गायन) जमले. पाठोपाठ व्हायोलिन घेऊन सारा मार्टिन आली आणि पाहुणा म्हणून ट्रम्पेट वाजवायला आलेला मिक कुक कायमचा झाला. गिटार-बास-ड्रमच्या चौकटीत चेलो, व्हायोलिन आणि ट्रम्पेट पहिल्यापासून घरचे होते, म्हणून यांचा आवाज त्या काळच्या इतर ब्रिटिश गिटार बँडांपेक्षा वेगळा लागतो.

नाव कुठून आलं? बेल म्हणजे इसोबेल का?

नाही. सेसिल ओब्री या फ्रेंच लेखिकेची सेबॅस्टियन नावाचा मुलगा आणि बेल नावाची मोठी पांढरी कुत्री यांची गोष्ट आहे. साठच्या दशकात ती फ्रेंच टीव्हीवर मालिका म्हणून गाजली. मर्डॉकने ही नावं उचलून स्वतःची एक वेगळीच कथा लिहिली, त्यात बेल ही मुलगी आहे. इसोबेल त्याला भेटली ती नंतर. योगायोग इतका नेमका आहे की लोकांचा विश्वास बसत नाही, पण आहे तो योगायोगच.

पहिला अल्बम एका कॉलेजने काढला, हे खरं आहे?

खरं आहे, आणि या बँडबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच.

मर्डॉक आणि डेव्हिड यांची ओळख झाली बीटबॉक्स नावाच्या वर्गात. बेरोजगार संगीतकारांसाठी चालवलेला तो प्रशिक्षणवर्ग होता. तिथून पुढे दुवा जुळला स्टो कॉलेजशी. ग्लासगोच्या या कॉलेजात संगीत-व्यवसायाचा अभ्यासक्रम होता आणि तिथे शिकवायला होते ॲलन रँकिन, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या 'असोसिएट्स' या बँडमधले. वर्गाचं स्वतःचं रेकॉर्ड लेबल होतं, 'इलेक्ट्रिक हनी'. दरवर्षी विद्यार्थ्यांनी एक कलाकार निवडायचा, त्याचं एक सिंगल काढायचं, कव्हर छापून घ्यायचं, दुकानांत पोचवायचं. थोडक्यात, धंदा करून धंदा शिकायचा. कोलबर्न याच अभ्यासक्रमाचा विद्यार्थी होता.

१९९६ साली निवड झाली बेल अँड सेबॅस्टियनची. पण गाणी इतकी तयार होती आणि इतकी चांगली होती, की एका सिंगलऐवजी अख्खा अल्बम करायचं ठरलं. ग्लासगोच्या 'काव्हा' स्टुडिओत तीन दिवसांत 'टायगरमिल्क' ध्वनिमुद्रित झाला आणि जूनमध्ये त्याच्या एक हजार प्रती निघाल्या, त्याही फक्त एलपी. याच इलेक्ट्रिक हनीने पुढे स्नो पेट्रोल आणि बिफी क्लायरो या बँडांच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डही काढल्या. कॉलेजच्या एका वर्गाने एवढं काम केलं, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

मर्डॉकने एकदा आपला बँड हे फसलेल्या भांडवलशाहीचं अपत्य असल्याचं म्हटलं होतं. बेरोजगारांचा वर्ग, कॉलेजचं लेबल, पुढे येणारा चर्चचा हॉल: ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना वेळ आणि जागा मिळाली, त्यातून ही गाणी आली. या बँडची गोष्ट सांगताना लोक मर्डॉकच्या प्रतिभेवर थांबतात. प्रतिभा आहेच. पण ती वाया न जाण्याची सोय त्या शहरात होती, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

मर्डॉक बरीच वर्षं आजारी होता ना?

हो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, विद्यापीठात असतानाच त्याला एमई जडला. ज्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात तोच हा आजार. अंगातली शक्ती निघून जाते, थोड्याशा श्रमानेही माणूस दिवसच्या दिवस आडवा होतो आणि तपासण्यांत धड काही सापडत नाही. जवळजवळ सात वर्षं त्याला काम करता आलं नाही. आधी तो कार्यक्रमांना जाणारा, रेकॉर्ड लावणारा पोरगा होता; गाणी लिहू लागला तो या आजारपणात. उबदार हवेच्या आशेने काही काळ तो कॅलिफोर्नियात जाऊन राहिला आणि आपली गाणी लोकांसमोर म्हणायला तिथेच धजावला.

त्याच्या गाण्यांतली माणसं खिडकीतून बाहेर पाहणारी, बसमधून फिरणारी, शाळेच्या कडेकडेने वावरणारी का असतात, याचं उत्तर इथे आहे. जग चालताना पाहत बसणं, एवढंच त्याच्या हाती काही वर्षं उरलं होतं. त्याने ते इतकं बारकाईने पाहिलं की पुढे त्याची गाणी झाली. २०१५ च्या अल्बमचं पहिलं गाणं, 'नोबडीज एम्पायर', थेट त्या दिवसांबद्दल आहे. त्याच नावाची त्याची कादंबरी २०२४ साली आली, तीही त्याच काळावर.

तो चर्चमध्ये राहायचा म्हणतात. का?

ग्लासगोच्या पश्चिम भागात हिंडलंड पॅरिश चर्च आहे. तिच्या हॉलची देखभाल मर्डॉककडे होती आणि राहायला हॉलच्या वरची जागा. बँडच्या तालमी हॉलमध्ये चालत. चर्चच्या गायकवृंदातही तो गायचा. श्रद्धा हा त्याच्यासाठी कधीच लपवायचा विषय नव्हता, आणि गाण्यांत ती जशी येते तशी पॉप संगीतात फार कमी ठिकाणी येते. प्रवचन नाही की टवाळी नाही. रविवारच्या प्रार्थनेला एकटाच जाऊन बसलेला माणूस तिथे दिसतो.

सुरुवात कुठून करू?

'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर'पासून. नोव्हेंबर १९९६, म्हणजे टायगरमिल्कनंतर जेमतेम पाच महिन्यांनी. लेबल जीपस्टर, स्टुडिओ पुन्हा काव्हा, निर्माता टोनी डूगन. दहा गाणी, एकही भरतीचं नाही.

पहिलंच गाणं, 'द स्टार्स ऑफ ट्रॅक अँड फील्ड', हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला मर्डॉक जवळजवळ कुजबुजतो, आवाज वाढवावासा वाटतो. वाढवू नका. वाद्यं एकेक करून मागून येतात, ड्रमला जोर चढतो आणि शेवटी ट्रम्पेट उघडतो तेव्हा सुरुवातीची कुजबुज किती हिशेबाने ठेवली होती ते कळतं. अल्बम संपतो 'जुडी अँड द ड्रीम ऑफ हॉर्सेस'ने, आणि तिथेही ट्रम्पेटच निरोप देतो.

यानंतर टायगरमिल्क, मग १९९७ च्या ईपी. 'द बॉय विथ द अरब स्ट्रॅप' त्यानंतर. हा क्रम माझा आहे. पण उलट क्रमाने आलेल्यांनाही शेवटी सिनिस्टरच जवळचा वाटलेला मी पाहिला आहे.

सिनिस्टरचा आवाज पातळ का वाटतो?

आठवडाभराच्या आसपास वेळात, सगळ्यांनी एकत्र वाजवून केलेलं ते काम आहे. त्या ध्वनिमुद्रणावर खुद्द मर्डॉकही समाधानी नव्हता. सप्टेंबर २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये त्यांनी अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला आणि ते ध्वनिमुद्रण त्याच वर्षअखेर डाउनलोड म्हणून विक्रीला आणलं. उत्पन्न गेलं ऑक्टोबर २००५ मध्ये काश्मीर आणि उत्तर पाकिस्तानात झालेल्या भूकंपाच्या मदतनिधीला. या दुसऱ्या आवृत्तीत वाद्यं भरदार आहेत, तोल जास्त चांगला आहे. तरी मला पहिलीच आवडते. दबकत बोलणाऱ्या माणसांची गाणी आहेत ती, दबकतच वाजलेली बरी.

'द स्टेट आय ॲम इन' या गाण्यात नक्की चाललंय काय?

टायगरमिल्कचं हे पहिलं गाणं, आणि मर्डॉक गोष्ट कशी सांगतो ते यातून सगळ्यात स्वच्छ दिसतं. बहिणीच्या लग्नाच्या दिवशीच भाऊ घरच्यांना सांगतो की आपण समलिंगी आहोत. गाणारा स्वतः एका मुलाची देशातून हकालपट्टी होऊ नये म्हणून घाईघाईत लग्न करून मोकळा होतो. मग तो चर्चमध्ये जाऊन पापाची कबुली देतो, तर तो पाद्री ऐकलेलं सगळं लक्षात ठेवतो आणि त्यावर चक्क कादंबरी लिहितो. एकेका ओळीत एकेका कादंबरीचा ऐवज आहे, आणि चाल मात्र शांतपणे, गिटारच्या साध्या साथीवर पुढे चालते. एवढं सगळं घडत असताना आवाज एकदाही चढत नाही, यातच त्याची ताकद आहे.

ईपी म्हणजे उरलीसुरली गाणी का?

मुळीच नाही. जीपस्टरच्या काळात त्यांचा दंडक होता: अल्बममधलं गाणं सिंगल म्हणून काढायचं नाही. ज्याने अल्बमला पैसे मोजले त्याला तेच गाणं पुन्हा विकायचं नाही, असा याचा सरळ अर्थ. हा दंडक थेट २००३ साली मोडला. त्यामुळे बँडची काही उत्तम गाणी कुठल्याच अल्बमवर नाहीत.

१९९७ साली तीन ईपी आल्या. मे महिन्यातली 'डॉग ऑन व्हील्स' ही खरं तर पूर्ण बँड जमण्याआधीची डेमो ध्वनिमुद्रणं. ऑक्टोबरमध्ये आली 'थ्री सिक्स नाइन सेकंड्स ऑफ लाइट'. आणि मधली, जुलैमधली, 'लेझी लाइन पेंटर जेन'. विक्रीच्या ब्रिटिश यादीत ती ४१ व्या जागी थांबली, टॉप ४० एका जागेने हुकलं.

या मधल्या ईपीच्या शीर्षकगीताबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. मर्डॉक नेहमीच्या मऊ आवाजात सुरू करतो. मग मोनिका क्वीन येते, ग्लासगोचीच गायिका, आणि तिचा आवाज इतका मोकळा आणि भरदार आहे की ऐकणारा दचकतो. दोघं जुळवून घेत नाहीत, तो लाजरा तो लाजराच राहतो आणि ती दणदणीत ती दणदणीतच. खाली ऑर्गन, टाळ्या, वाढत जाणारी लय. शब्द संपल्यावरही गाणं थांबत नाही. ऑर्गन आणि ड्रम एकमेकांना पुढे रेटत राहतात, वेग चढतो, सगळे मिळून उताराला लागलेल्या गाडीसारखे सुटतात. सहा मिनिटांच्या आसपासचं हे गाणं रेडिओसाठी कापता आलं असतं, त्यांनी कापलं नाही. एकच गाणं निवडा म्हणाल तर माझं हेच.

या ईपी आता मिळतात का?

२००५ चा 'पुश बारमन टू ओपन ओल्ड वून्ड्स' हा जोडसंच घ्या किंवा ऐका. १९९७ ते २००१ मधल्या जीपस्टरच्या सातही ईपी आणि सिंगल त्यात क्रमाने आहेत. रफ ट्रेड या नंतरच्या लेबलच्या काळातल्या सुट्या गाण्यांसाठी २०१३ चा 'द थर्ड आय सेंटर'. हे नाव ग्लासगोच्या सॉकीहॉल स्ट्रीटवरच्या जुन्या कलाकेंद्राचं.

सुरुवातीला ते मुलाखती आणि फोटो का देत नसत?

वृत्तपत्रांनी फोटो मागितला की हे दुसऱ्याच कोणाचा तरी पाठवायचे. कव्हरवरही सहसा बँड नसतो. मर्डॉकने काढलेले, बहुधा मित्रमंडळींचे, एकाच रंगात बुडवलेले फोटो असतात: सिनिस्टर लाल, अरब स्ट्रॅप हिरवा. टायगरमिल्कवर एक तरुणी खेळण्यातल्या वाघाला पाजते आहे. ऐंशीच्या दशकातल्या 'द स्मिथ्स' या बँडच्या कव्हरांचा हा वारसा आहे, आणि तो त्यांनी मोठ्या निगुतीने सांभाळला. ब्रिटपॉपमध्ये, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश गिटार-पॉपच्या लाटेत, गाण्याआधी चेहरा विकला जात असताना गाणं आधी पोचावं, असा हा हट्ट होता. त्याने गूढता वाढली आणि चाहतेही. २००० च्या पुढे मात्र ते बोलू लागले, दौरे करू लागले.

ब्रिट अवॉर्डचा वाद काय होता?

१९९९ च्या ब्रिट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नवोदितांचा पुरस्कार श्रोत्यांच्या मतांवर होता आणि सगळ्यांना वाटत होतं, तो 'स्टेप्स' या पॉप गटाला मिळणार. मिळाला यांना. स्टेप्सचे निर्माते पीट वॉटरमन यांनी मतदानावर आक्षेप घेतला. इंटरनेटवरून चाहत्यांनी गठ्ठ्याने मतं टाकली असा आरोप झाला. पुरस्कार कायम राहिला. घ्यायला गेले कोलबर्न आणि कुक, मर्डॉक नाही. इंटरनेटवर जमलेल्या चाहत्यांची ताकद ब्रिटिश संगीतव्यवसायाला एवढ्या स्पष्टपणे दिसण्याची ती अगदी सुरुवातीची वेळ होती.

'द बॉय विथ द अरब स्ट्रॅप' हा अल्बम सिनिस्टरपेक्षा विस्कळीत का?

कारण १९९८ च्या या अल्बमवर एकटा मर्डॉक नाही. इसोबेल गाते, जॅक्सन गातो, डेव्हिड एक गोष्ट बोलून दाखवतो. जॅक्सनचं 'सीमोर स्टीन' हे अमेरिकन लेबलमालकावरचं गाणं मला फार जवळचं आहे: मोठा माणूस ग्लासगोत बँडला भेटायला येतो आणि गाणाऱ्याचं मन दुसरीकडेच असतं. शीर्षक मात्र 'अरब स्ट्रॅप' या स्कॉटलंडमधल्याच दुसऱ्या एका बँडच्या नावावरून घेतलेलं, आणि त्या बँडला ते रुचलं नाही. अल्बम ब्रिटनमध्ये १२ व्या जागी पोचला. शीर्षकगीताच्या टाळ्या आजही कार्यक्रमांत लोकच वाजवतात.

स्टुअर्ट डेव्हिड आणि इसोबेल का गेले?

डेव्हिड २००० साली गेला, 'लूपर' या त्याच्या स्वतःच्या बँडसाठी. इसोबेल २००२ मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्याच्या मधेच. पुढे तिने मार्क लॅनेगन या अमेरिकन गायकाबरोबर केलेला २००६ चा 'बॅलड ऑफ द ब्रोकन सीज' मर्क्युरी पारितोषिकाच्या (वर्षातल्या उत्तम अल्बमला मिळणाऱ्या ब्रिटिश पुरस्काराच्या) यादीत आला आणि तो जरूर ऐकावा. तिच्या जाण्याने बँडच्या आवाजातला एक धूसर, हळवा पदर गेला, हे मान्य करायला हवं. सारा मार्टिन त्यानंतर जास्त गाऊ लागली आणि तिची गाणी वर्षागणिक सरस होत गेली. मिक कुक २०१३ मध्ये बाहेर पडला. बॉब किल्डे २००१ पासून आहे. मर्डॉक, जॅक्सन, गेडिस, कोलबर्न आणि मार्टिन अजून एकत्र आहेत.

ट्रेव्हर हॉर्नसारखा निर्माता या बँडला कसा काय मिळाला?

२००२ मध्ये ते रफ ट्रेडकडे आले आणि २००३ चा 'डिअर कॅटास्ट्रफी वेट्रेस' हॉर्नने केला. ऐंशीच्या दशकातल्या झगमगीत ब्रिटिश पॉपचा तो मोठा कारागीर. लोकांना वाटलं, आता सगळं चकचकीत होणार. झालं उलटंच: त्याने त्यांच्याकडून नीट वाजवून घेतलं. सूर पक्के, ड्रम घट्ट. त्याच अल्बमवर 'पियात्सा, न्यू यॉर्क कॅचर' हे फक्त गिटार आणि आवाजाचं गाणंही आहे. 'जूनो' या २००७ च्या चित्रपटातून ते जगभर गेलं. याच अल्बममधलं 'स्टेप इनटू माय ऑफिस, बेबी' सिंगल म्हणून निघालं आणि तो जुना दंडक मोडला. २००४ च्या मर्क्युरी यादीत अल्बमला स्थान मिळालं.

पुढचा 'द लाइफ पर्सूट' (२००६) लॉस एंजेलिसमध्ये टोनी हॉफर या निर्मात्याबरोबर केलेला, सत्तरच्या दशकातल्या ग्लॅम आणि सोलकडे झुकलेला. ब्रिटनमध्ये ८ वा क्रमांक. त्याच उन्हाळ्यात हॉलिवुड बोलमध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर त्यांचा कार्यक्रम झाला.

२०१५ मध्ये अचानक डिस्को कुठून?

अचानक नव्हतं. टायगरमिल्कवरचं 'इलेक्ट्रॉनिक रेनेसाँ' ऐका: १९९६, सिंथेसायझर, यंत्रातून आल्यासारखा आवाज. नाचाचं संगीत या लोकांना पहिल्यापासून आवडतं. २०१५ च्या 'गर्ल्स इन पीसटाइम वाँट टू डान्स' या अल्बममध्ये ते पुढे आलं, इतकंच. अल्बम थोडा लांबला आहे, पण 'नोबडीज एम्पायर'साठी सगळं माफ.

बाउली म्हणजे काय?

एप्रिल १९९९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर, कॅम्बर सँड्सच्या सुट्टी-शिबिरात बँडने स्वतः निवडलेल्या कलाकारांचा तीन दिवसांचा मेळा भरवला, तो बाउली वीकेंडर. चिखलात तंबू नाहीत, प्रेक्षक आणि वादक एकाच प्रकारच्या खोल्यांत राहणार. 'ऑल टुमॉरोज पार्टीज' हा पुढे नावाजलेला महोत्सव यातूनच निघाला. २०१० मध्ये दुसरी बाउली झाली आणि २०१९ मध्ये बार्सिलोनाहून निघालेल्या जहाजावर बोटी वीकेंडर.

मर्डॉकने चित्रपटही केला आहे ना?

'गॉड हेल्प द गर्ल'. गाण्यांचा अल्बम २००९ चा, चित्रपट २०१४ चा. लेखन-दिग्दर्शन त्याचंच, काही पैसा चाहत्यांच्या वर्गणीतून. ग्लासगोचा उन्हाळा पाहण्यासाठी तरी पाहाच.

अलीकडचं काय ऐकावं?

२०१७-१८ मधल्या तीन ईपींच्या मालिकेचं नाव गेशे केलसांग ग्यात्सो या बौद्ध गुरूंच्या पुस्तकावरून आहे. मर्डॉक ध्यान करतो आणि करवूनही घेतो. २०२० मध्ये पुढच्या अल्बमसाठी अमेरिकेला जायचा बेत महासाथीने उधळला, तेव्हा त्यांनी आपल्या तालमीच्या जागेचाच स्टुडिओ केला. त्यातून 'अ बिट ऑफ प्रीव्हियस' (मे २०२२) आला, २००० नंतर पहिल्यांदाच पूर्णपणे ग्लासगोत केलेला अल्बम. त्याच बैठकांतून 'लेट डेव्हलपर्स' जानेवारी २०२३ मध्ये. त्यातलं 'आय डोन्ट नो व्हॉट यू सी इन मी' बाहेरच्या तरुण संगीतकाराबरोबर मिळून लिहिलेलं आहे, बँडने असं पहिल्यांदाच केलं. दोन्हींत आधी 'अ बिट ऑफ प्रीव्हियस' घ्या. आणि कार्यक्रमात हा बँड कसा वाजतो ते ऐकायचं असेल, तर २०२० चा 'व्हॉट टू लुक फॉर इन समर' हा थेट कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांचा संच आहे, जुनी-नवी गाणी दोन्ही त्यात आहेत.